दुधाशिवायचं बाळंतपण: एका आईच्या कॅल्शियमचा हिशेब

हे प्रकरण कुणा एका बाईची नोंद नाही. बाळाला गाईच्या दुधाची ॲलर्जी असल्याच्या शंकेमुळे अंगावर पाजणाऱ्या आईचं दूध बंद होतं, तेव्हा घरोघरी ज्या गोष्टी घडतात, त्या एकत्र करून हा नमुना मांडला आहे. पदार्थांतल्या कॅल्शियमचे आकडे मुख्यतः हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक तक्त्यांतले, 100 ग्रॅम कच्च्या पदार्थाचे आहेत. हिशेबासाठी ते गोळाबेरीज केले आहेत.

परिस्थिती

आई 29 वर्षांची, पहिलं बाळंतपण, सातारा जिल्ह्यात माहेरी. घर शाकाहारी. बाळ नऊ आठवड्यांचं, फक्त अंगावर पितं, वजन चांगलं वाढतंय. पण दहा दिवसांपासून त्याच्या शीत रक्ताचे बारीक धागे आणि चिकट शेम दिसते. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं: गुदद्वाराला चीर नाही, ताप नाही, जंतुसंसर्गाची खूण नाही, बाळ हसतं-खेळतं आहे. आईच्या आहारातल्या दुधाची प्रथिनं अंगावरच्या दुधातून बाळापर्यंत पोचत असावीत, असा त्यांचा अंदाज. चार आठवडे आईने दूध आणि दुधापासून झालेलं सगळं सोडायचं, स्तनपान मात्र चालूच ठेवायचं, असं ठरलं. (बाळ मलूल झालं, रक्त जास्त पडलं, हिरवी-पिवळी उलटी झाली, वजन थांबलं किंवा पाजल्यावर लगेच अंगावर गांधी उठून श्वास घुरघुरला, तर चार आठवडे वाट पाहायची नसते, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.)

इथे एक घोटाळा हमखास होतो, तो आधीच दूर केलेला बरा. नातेवाइकांपैकी कुणीतरी याला 'लॅक्टोज पचत नाही' असं नाव देतं आणि मग लॅक्टोज-मुक्त दुधाचं पाकीट घरात येतं. लॅक्टोज ही साखर आहे. ती आईच्या दुधात सुमारे 7 टक्के असतेच, मग आईने गाईचं दूध प्यावं किंवा न प्यावं. इथे अडचण आहे ती प्रथिनांची, आणि लॅक्टोज-मुक्त दुधात ती जशीच्या तशी असतात. म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की तीही चालत नाहीत. ताक, दही, पनीर, खवा नाहीच. तुपात प्रथिनांचा अंश फार थोडा राहतो, पण चाचणीचे चार आठवडे तेही बंद.

घरात काय घडलं

बाळंतिणीचा सगळा आहार दूध-तुपावर उभा. सकाळी दुधातून शतावरी कल्प, मग अळिवाची खीर, तुपात तळलेल्या डिंकाचे लाडू, रात्री हळद घालून दूध. ते काढल्यावर आजीला पहिली काळजी वाटली ती 'आता पोरीला दूध कसं उतरणार?' याची. ती काळजी बाजूला ठेवता येते. अंगावरचं दूध उतरतं ते बाळ किती वेळा आणि किती नीट ओढतं यावर, आईने किती दूध प्यायलं यावर नाही.

त्या दुधातलं कॅल्शियमही कमी होत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. रोज साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम कॅल्शियम आईकडून बाळाकडे जातं. आहारातून आलं नाही तर शरीर ते आईच्या हाडांतून काढतं. पाजण्याच्या पहिल्या सहा महिन्यांत कण्याच्या हाडांची घनता 3 ते 7 टक्क्यांनी उतरते. भरपूर कॅल्शियम घेणाऱ्या आईतही ती थोडी उतरतेच, कारण ती संप्रेरकांची चाल असते, आणि पाजणं थांबल्यावर ती बहुधा भरून येते. त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. पण भरून येण्यासाठी लागणारा माल शरीराला मिळायला हवा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार पाजणाऱ्या आईला रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, इतर प्रौढ बाईला 1000. आमच्या नमुन्यातली आई आधी रोज अर्धा लिटर दूध आणि वाटीभर दही घेत होती. म्हणजे 750 ते 800 मिलिग्रॅम तिथूनच. एका रात्रीत ते गेलं, आणि त्याच्या जागी आलं वीस बदाम भिजवून, वाटून, गाळून केलेलं 'बदामाचं दूध' आणि रोज पालक.

तिच्या एका दिवसाची नोंद घेतली ती अशी (कॅल्शियमचे आकडे मिलिग्रॅममध्ये): चार पोळ्या 45, बाजरीची एक भाकरी 15, तुरीचं वरण 30, मटकीची उसळ 45, पालक 150 ग्रॅम 120, वीस बदाम 55, दाण्याचं कूट 12, गूळ 20, बाकी भाज्या 30. बेरीज 370 च्या आसपास. भात यात धरलेला नाही, त्यात जवळजवळ काही नसतं.

कागदावरचं कॅल्शियम आणि अंगी लागणारं कॅल्शियम

ही 370 ची बेरीजसुद्धा फसवी आहे. दुधातल्या कॅल्शियमपैकी सुमारे एक तृतीयांश शरीरात शोषलं जातं. पालकात ऑक्झलेट नावाचं द्रव्य इतकं असतं की ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शोषण 5 टक्क्यांवर येतं. म्हणजे त्या 120 मिलिग्रॅममधून अंगी लागतं 6. पालक लोहासाठी, फोलेटसाठी, चवीसाठी खुशाल खावा, पण कॅल्शियमच्या वहीत त्याची नोंद शून्य करावी. तेच अळूचं. अळूने घसा खवखवतो तो ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळेच, आणि त्याच स्फटिकांत त्याचं कॅल्शियम अडकलेलं असतं. राजगिऱ्याचा पाला, चाकवत, आंबट चुका हीदेखील याच घरातली मंडळी. राजगिऱ्याच्या पाल्याचा आकडा तक्त्यात 300 च्या पुढे दिसतो, त्यावर भुलू नये.

उलट मेथी (सुमारे 270), शेवग्याचा पाला (सुमारे 310) आणि मुळ्याचा पाला (सुमारे 230) यांत ऑक्झलेट पालकाच्या मानाने बरंच कमी. कोबी, फुलकोबीत कॅल्शियम थोडंच, पण जे आहे त्यातलं निम्म्याहून जास्त शोषलं जातं. कडधान्यं आणि बदाम यांचं शोषण पाचव्या हिश्श्याच्या आसपास, कारण त्यांत फायटेट असतं, आणि तेही कॅल्शियमला धरून ठेवतं. भिजवलं, मोड आणले, आंबवलं की फायटेट उतरतं. मटकीला मोड आणण्याची आपली रीत इथे कामाला येते.

तिळाबद्दल मात्र जपून. बिनपॉलिशच्या पांढऱ्या तिळात 100 ग्रॅमला 1200 च्या वर कॅल्शियम असतं आणि हा आकडा सगळीकडे फिरतो. पण ते बहुतेक सालीत असतं आणि तिथेही बराच भाग ऑक्झलेटच्या रूपात. म्हणून या हिशेबात तीळ निम्म्याने, म्हणजे 100 ग्रॅमला 600 धरला आहे. पॉलिशच्या तिळात साल गेलेली असते, तिथे आकडा 100 च्याही खाली येतो. 

बदामाच्या दुधाचं गणित साधं आहे. वीस बदामांत जेवढं आहे त्याहून जास्त त्यांच्या दुधात येणार कुठून? 55 मिलिग्रॅम, त्यातला थोडा चोथ्यात जातो. नारळाचं दूध खिरीला उत्तम, पण त्यातही कॅल्शियम नगण्य. बाजारातल्या वनस्पतीजन्य दुधात कॅल्शियम वरून मिसळलेलं असेल तरच उपयोग. पाकिटावर 100 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅमच्या आसपास लिहिलेलं हवं, आणि ओतण्याआधी पाकीट जोरात हलवायचं, कारण मिसळलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. न हलवता ओतणाऱ्याला वरचं पाणी मिळतं आणि शेवटचा गाळ मोरीत जातो.

मग सोयाचं दूध आणि टोफू का नाहीत? दुधाची ॲलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाही सोसत नाही. चाचणीच्या काळात दूध काढलं आणि त्याच आठवड्यात सोया भरपूर आणला, की रक्त थांबलं नाही तर दोष कुणाचा ते कळेनासं होतं. म्हणून पहिले चार आठवडे सोया नव्याने सुरू केला नाही. पुढे टोफू घ्यायचा झाला तर पाकिटावर तो कशाने घट्ट केला आहे ते पाहायचं. आयएनएस (पाकिटावरचा मिसळलेल्या घटकाचा क्रमांक) 516 म्हणजे कॅल्शियम सल्फेट आणि 509 म्हणजे कॅल्शियम क्लोराइड, हे हवेत. 511 हे मॅग्नेशियम क्लोराइड, 575 हे ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन. त्यांच्याने टोफू छान बांधला जातो, पण कॅल्शियम वाढत नाही. घरी लिंबू पिळून केलेल्या टोफूचंही तसंच.

आखलेला दिवस

बाळंतिणीच्या पारंपरिक आहारात कॅल्शियमचे पदार्थ आधीपासून आहेत, ते फक्त दुधा-तुपाच्या सावलीत असतात. म्हणून नवीन काही शोधण्याऐवजी आहे तेच पुढे आणलं.

सकाळी नाचणीचं घावन, 40 ग्रॅम पिठाचं: 145. पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवलं तर सकाळपर्यंत हलकं आंबतं आणि फायटेटही कमी होतं. ताक घालायची सवय असते, ते इथे टाळायचं. आंबटपणा हवा तर कोकमाचं आगळ. दुपारी नाचणीची भाकरी, 60 ग्रॅम पिठाची: 220. तिच्याबरोबर तिळाची चटणी, 10 ग्रॅम तीळ: 60. मेथी किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी, निवडलेला पाला 100 ग्रॅम: 270. रात्री हुलग्याचं माडगं किंवा पिठलं, 30 ग्रॅम: 80. दोन लाडू: 180. दोन पोळ्या, वरण, इतर भाज्या, गूळ मिळून 100. बेरीज 1055.

'नाचणी थंड, बाळंतिणीला नको' असं आजीचं म्हणणं होतं. सव्वा महिना उलटलेला असल्यामुळे त्यावर तोडगा निघाला: घावनात आलं-लसूण आणि ओवा, भाकरी ताजी आणि गरम. घरातल्या मोठ्यांच्या समजुतीशी भांडून आहार टिकत नाही, कारण चुलीपाशी त्या उभ्या असतात.

नाचणीची भाकरी ज्वारी-बाजरीची सवय असलेल्या हाताला तुटते, म्हणून उकड काढायची. पिठाइतकंच पाणी मीठ घालून उकळायचं, आच बंद करून पीठ घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं, दहा मिनिटं झाकून ठेवायचं, मग हाताला सोसेल एवढं गरम असतानाच चांगलं मळायचं. कडा फाटत असतील तर मळणं कमी पडलं आहे किंवा उकड गार झाली आहे.

लाडवांचं प्रमाण असं: बिनपॉलिशचे तीळ 200 ग्रॅम, नाचणीचं पीठ 200, सुकं खोबरं 100, खारकेची पूड 100, डिंक 50, गूळ 250, खोबरेल तेल साधारण 90 मिलिलिटर. तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे. रंग गडद झाला की कडू होतात आणि ते कडूपण गुळानेही झाकत नाही. ते पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला थांबत-थांबत फिरवायचे. गरम असताना किंवा सलग फिरवले तर तेल सुटून गोळा होतो. अख्खे तीळ घालू नयेत, ते न चावले जाता तसेच पुढे जातात. डिंक थोडाथोडा तेलात फुलवायचा. आतला खडा कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. उरलेल्या तेलात नाचणीचं पीठ बारीक आचेवर पंधरा मिनिटं, कच्चा वास जाईपर्यंत. गुळाचा पाक करायचा नाही, किसलेला गूळ गरम पिठातच कालवायचा. पाक केला तर चौथ्या दिवशी लाडू दगडासारखे होतात. यात चाळीस ग्रॅमचे पंचवीस लाडू होतात, प्रत्येकी सुमारे 90 मिलिग्रॅम.

अळिवाची खीर नारळाच्या दुधात होते. नारळाच्या पाण्यात भिजवलेल्या अळिवाचे ओल्या नारळातले लाडू तर तुपाचा हट्ट सोडला की पूर्णपणे दुधाशिवायचे. त्यात लोह चांगलं असतं, पण एका लाडवात अळीव जेमतेम 10 ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम 35 च्या आसपास. खसखशीत कॅल्शियम भरपूर असूनही तिला रोजच्या हिशेबात धरलं नाही. तिच्यावर अफूच्या अल्कलॉइडचे अंश राहू शकतात आणि पाजणाऱ्या आईने ती रोज मोठ्या प्रमाणात घेऊ नये. सुकट-जवळा किंवा काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली चालणाऱ्या घरात हे सगळं गणित बरंच सोपं होतं. हे घर तसं नव्हतं.

आणि चुना. 'गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज' हा सल्ला या आईलाही मोबाईलवरून आलाच. विड्याच्या चुन्यात निम्मं पाणी धरलं तर गव्हाच्या दाण्याएवढ्या चुन्यातून 20 मिलिग्रॅमही कॅल्शियम मिळत नाही. त्यासाठी तोंड-अन्ननलिका भाजणारा आणि शुद्धतेची खात्री नसलेला पदार्थ पोटात घेण्यात अर्थ नाही.

गोळ्या

आहार 1055 वर नेला तरी 1200 भरत नाहीत, शिवाय नाचणी-तीळ-कडधान्यांचं शोषण दुधापेक्षा कमी. म्हणून गोळी लागतेच, आणि त्यात आहार फसल्याचं काही नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत प्रत्येक आईला रोज दोन गोळ्या द्यायच्या असतात, प्रत्येकीत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 250 युनिट डी-3 जीवनसत्त्व. आशाताईंकडून किंवा उपकेंद्रातून त्या मिळतात. आमच्या नमुन्यातल्या आईकडे त्या होत्या, पण बद्धकोष्ठ होतं म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून डब्यात पडून होत्या.

विकतची गोळी घेताना लेबल नीट वाचावं. कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम 500. सायट्रेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम 21 टक्केच असतं, म्हणून 1000 मिलिग्रॅम सायट्रेटच्या गोळीतून साधारण 210 मिळतं. 'हजारची गोळी घेते' असं म्हणणारी बाई प्रत्यक्षात किती घेते ते इथे ठरतं. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, त्याला पोटातलं आम्ल लागतं. सायट्रेट कधीही चालतं आणि पोट कमी जड होतं. एका वेळी 500 पेक्षा जास्त घेतलं तर शोषणाचं प्रमाण घसरतं, म्हणून दोन्ही गोळ्या रात्री एकदम घेऊन मोकळं होणं उपयोगाचं नाही.

लोहाची गोळी कॅल्शियमबरोबर घेतली की लोह नीट शोषलं जात नाही. बाळंतपणानंतर 180 दिवस तीही चालू असते, म्हणून वेळा ठरवून दिल्या: एक कॅल्शियम सकाळच्या घावनानंतर, दुसरी रात्रीच्या जेवणाबरोबर, लोह दुपारी साडेचारला लिंबूपाण्यासोबत, चहाच्या आधी तासभर. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यापासून कॅल्शियम चार तास लांब. बद्धकोष्ठासाठी पाणी वाढवलं आणि एक गोळी डॉक्टरांना विचारून सायट्रेटची केली. गोळीत भरणीसाठी दुधापासून काढलेलं लॅक्टोज वापरलेलं असू शकतं आणि त्यात प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून औषधाच्या दुकानात घटक विचारून घ्यावेत.

डी जीवनसत्त्वाशिवाय हे सगळं वाया जातं. आईला रोज 600 युनिट हवेत. दोन गोळ्यांतून 500 येतात, पण आधीच कमतरता असेल तर तेवढ्याने भागत नाही, तपासून डॉक्टर डोस ठरवतात. बाळाचे 400 युनिटचे थेंब वेगळे आणि ते वर्षभर. आईच्या दुधातून ते पुरेसं येत नाही.

रक्तातल्या कॅल्शियमच्या तपासणीवर मात्र विसंबू नये. आहारात 300 असलं तरी ती तपासणी नॉर्मलच येते, कारण रक्तातली पातळी राखण्यासाठी हाडं आहेत.

शाकाहारी आईबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कॅल्शियमइतकीच महत्त्वाची. तिच्या आहारातलं बी-12 जीवनसत्त्व जवळजवळ सगळं दूध-दह्यातूनच येतं. ते बंद झालं आणि साठा आधीच कमी असला तर अंगावरच्या दुधातही ते कमी उतरतं. बी-12 कमी पडलेल्या बाळांत सुस्ती, रक्तक्षय, हातपाय थरथरणं, शिकलेल्या गोष्टी विसरणं असं घडलेलं आपल्या देशातले बालरोगतज्ज्ञ चांगलं ओळखतात. म्हणून दूध बंद करण्याच्या दिवशीच आईचं बी-12 सुरू करायचं, चाचणी संपण्याची वाट पाहायची नाही.

दहाव्या दिवशी

बाळाच्या शीतलं रक्त सहाव्या दिवसापासून दिसेनासं झालं. आईच्या आहाराची पुन्हा नोंद घेतली. 1055 आखले होते, प्रत्यक्षात निघाले 700.

तीळ पॉलिशचे निघाले. दुकानदाराने 'चांगले, स्वच्छ' म्हणून तेच दिले होते. लाडवांत 80 आणि चटणीत 50 तिथेच गेले. ओळखायला सोपं आहे: बिनपॉलिशचा तीळ मळकट, फिकट तपकिरी झाक असलेला असतो, दाणे एकसारखे नसतात, आणि भिजवून बोटांत चोळला तर साल सुटते. पांढराशुभ्र चकचकीत तीळ हलव्यासाठी ठेवावा.

मेथी जुडीभर आणली जात होती, पण ताटं पाच. तिच्या वाट्याला 100 ऐवजी 60 ग्रॅम पाला. 'रोज मेथी खाते' हे खरं होतं आणि तरी 110 मिलिग्रॅम कमी. शंभर ग्रॅम पाला शिजल्यावर जेमतेम अर्धी वाटी होतो, त्यामुळे नजरेने अंदाज चुकतो. उपाय म्हणून तिची भाजी आधी बाजूला काढली, आणि शेवग्याचा पाला सावलीत वाळवून पूड करून ठेवली, ती भाकरीच्या पिठात मिसळायला. नाचणीची भाकरी दिवसाआड होत होती. तिथे आणखी 110.

घरात नाचणी सत्त्वाचं पाकीटही आलं होतं, भाकरीला पर्याय म्हणून. वस्त्रगाळ सत्त्वात दाण्याचं टरफल निघून जातं आणि नाचणीचं कॅल्शियम टरफलातच दाटलेलं असतं. बाळाला पुढे वरच्या अन्नात ते हलकं पडतं म्हणून ठीक, आईने मात्र अख्ख्या दाण्याचं पीठच वापरावं.

दूधही दोन वाटांनी आत शिरलं होतं. एक, 'पाजणाऱ्या मातांसाठी' म्हणून भेट आलेली पावडर. तिचा मुख्य घटकच दुधाची भुकटी होता. दुसरी, बेकरीतले टोस्ट. पाकिटावर 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसीन' किंवा ॲलर्जीच्या सूचनेत दुधाचा उल्लेख असेल तर ते परत करायचं. सुट्या मालावर काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून बेकरीचा सुटा माल बंदच. शतावरी कल्प कोमट पाण्यातून घेता येतो.

मधल्या काळात दोन्ही गोळ्या चालू असल्याने एकूण 1700 होत होते, कमतरता नव्हती. 2500 ही वरची मर्यादा लांब होती. तिसऱ्या आठवड्यात आहार 950 ते 1000 वर स्थिरावला.

पुन्हा दूध देऊन पाहणं

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. रक्त थांबलं, बाळ बरं आहे, मग कशाला उगीच, असं घरच्यांना वाटतं. पण असं रक्त कित्येकदा आपोआपही थांबतं. दूध परत देऊन न पाहिलेली आई कारण नसताना वर्षभर दुधाशिवाय राहते आणि बाळावर ॲलर्जीचा शिक्का बसतो. पाजल्यावर लगेच पुरळ, सूज, श्वासाचा त्रास असं काही नसेल तरच हे घरी करायचं, डॉक्टरांना सांगून.

चार आठवडे पूर्ण झाल्यावर आईने आठवड्याभरात आपला नेहमीचा आहार परत आणायचा: आधी चहात दूध, मग ताक-दही, मग पेलाभर दूध. त्या आठवड्यात दुसरा कुठलाही नवा पदार्थ नाही, बाळाला लस नाही, आईला नवं औषध नाही, म्हणजे निकाल स्वच्छ मिळतो. काहीच झालं नाही तर ॲलर्जी नव्हती. लाडू तुपात, खीर दुधात, सगळं पूर्ववत.

या नमुन्यात चौथ्या दिवशी रक्त परत दिसलं. दूध पुन्हा बंद केल्यावर थांबलं. निदान पक्कं झालं. अशी बहुतेक मुलं यातून बाहेर येतात, पण बाळ नऊ ते बारा महिन्यांचं होईपर्यंत आईचं दूध बंद राहणार, आणि सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळाचं वरचं अन्न सुरू होईल तेव्हा त्यातही दूध-तूप नसणार.

सरकारी गोळ्या मात्र बाळंतपणानंतर सहा महिन्यांनीच थांबतात. बाळ त्यानंतरही पीत असतं आणि 1200 ची गरज तशीच असते. त्यामुळे पाचव्या महिन्याच्या अखेरीस पुन्हा तीन दिवसांची नोंद घ्यायची तारीख आजच कॅलेंडरवर लिहिली. आहार 900 च्या वर टिकला असेल तर रोज 500 ची एक गोळी विकत घेऊन पुढे चालू, 700 वर घसरला असेल तर दोन. सासरी परतल्यावर मेथीची जुडी किती ताटांत वाटली जाते, हे त्या नोंदीत सर्वांत आधी पाहायचं आहे.